सहा दिवसांचं अंतर

भाव पाडून मागितला की ती टोपलीत हात घालायची, एक पिल्लू उचलायची आणि परत शेडमध्ये सोडायची. त्याच्या जागी दुसरं आणून ठेवायची. उचललेलं पिल्लू टोपलीतलं सगळ्यात तरतरीत असायचं आणि ठेवलेलं जेमतेम. तोंडानं काही बोलायची नाही. पुन्हा भाव केला की पुन्हा एक पिल्लू. त्यामुळे तिची नेहमीची गिऱ्हाइकं ती सांगेल तो आकडा ऐकून गुमान खिशात हात घालायची. मी पहिल्या दिवशी सात वेळा भाव केला. सातवं पिल्लू बदलल्यावर तिनं माझा आकडा कबूल केला आणि मी जिंकल्याच्या थाटात गाडीला किक मारली. घरी येऊन टोपली उघडली तेव्हा पन्नासातली सात पिल्लं कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती.

सगळे तिला आक्का म्हणत. तळेगाव ढमढेऱ्याहून न्हावऱ्याकडं जाताना रस्त्याच्या कडेला तिची शेड होती. वर पत्रा, चारी बाजूंनी गुडघ्याएवढी वीट, विटेवर जाळी, आणि थंडीच्या दिवसांत जाळीवर शिवलेली खताची रिकामी पोती. मी तेव्हा सणसवाडीत एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो. गाव केडगावच्या पलीकडं. शनिवारी ड्यूटी सुटली की मोटरसायकलवर याच रस्त्यानं घरी जायचो. वाटेत आक्काकडून महिनाभर वयाची गावठी पिल्लं घ्यायची आणि रविवारी वस्त्यावस्त्यांवर फिरून विकायची. आठवडाभर दुसऱ्याची शिट्टी वाजली की जेवायचं आणि शिट्टी वाजली की उठायचं. रविवारी मात्र माल माझा, गिऱ्हाईक माझं आणि तोंडही माझं. त्या एका दिवसावर बाकीचे सहा दिवस काढायचो.

शेडच्या दारात चुन्याचं घमेलं होतं आणि घमेल्याशेजारी गमबुटांचा एकच जोड. आत जायचं तर तो घालून. तो जोड कुणा धिप्पाड माणसाचा असावा, कारण आलेल्या कुणाच्याच पायाला तो बसल्याचं मी पाहिलं नाही. तिच्या नवऱ्यालाही तो चुकला नव्हता. साखर कारखान्यातून रिटायर झालेला तो गरीब माणूस चहाचा तांब्या घेऊन यायचा, दारात चपला काढायचा, बुटांत पाय घालायचा आणि फदाक फदाक चालत आत जायचा. आक्का स्वतः अनवाणी असायची. तिचे पाय आणि पिल्लांचे पाय एकाच तुसावर पडतात, तेव्हा तिला बूट कशाला, असं तिचं म्हणणं. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला रुमाल.

गिऱ्हाइकाशी ती पाठ करूनच बोलायची. तोंड पिल्लांकडं. नव्या माणसाला हा अपमान वाटायचा, मला तर वाटलाच. मी एकदा म्हणालो की आक्का, माणसाकडं बघून बोलावं. ती म्हणाली की माणूस काय बोलणार ते न बघताही कळतं. तिच्याकडं थर्मामीटर नव्हता. कुणीतरी दिलेला होता, तो तिनं खिळ्याला टांगून त्यावर टॉवेल वाळत घातला होता. ऊब किती आहे हे ती आवाजावरून सांगायची. पिल्लं बारीक एकसुरात बोलत असली तर ठीक. आवाज चढला आणि टोकदार झाला तर थंडी. एकदम गप्प झाली आणि चोची उघड्या टाकल्या तर उकाडा. शेडमध्ये मोबाइल वाजलेला तिला खपत नसे. "पिल्लू सांगत असतंय. आपण मधी बोलू न्हाई," हे तिचं नेहमीचं वाक्य.

आता मुद्द्याचं. पिल्लं पाळणाऱ्या कुणालाही विचारा, तो पहिला नियम सांगेल की वेगवेगळ्या वयाची पिल्लं एका ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बच्या उबेच्या कड्यात, घालायची नाहीत. मोठी लहानांना टोचतात, दाण्यावर येऊ देत नाहीत, आणि मोठ्यांना पुरणारी ऊब लहानांना पुरत नाही. आक्काच्या ब्रूडरमध्ये मात्र कायम दोन-तीन वयांची पिल्लं असत. कारण साधं होतं. हॅचरीची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी त्या रस्त्यानं जायची आणि मोठ्या शेतकऱ्यांना वाटून उरलेली पिल्लं ती आक्काकडं उतरवायची. कधी चाळीस, कधी दीडशे. विजेचं कनेक्शन एक, पत्र्याचं कडं एक. मग सगळी त्यातच.

एकदा जनावरांचे सरकारी डॉक्टर लसीकरणाला आले होते. मी तिथंच होतो. डॉक्टर त्या बुटांत उभे राहून तिला समजावत होते की हे शास्त्राला धरून नाही, एका वयाची एकत्र ठेवा.

तिनं विचारलं, "डॉक्टर, घरी किती माणसं?"

"पाच."

"सगळी एका वयाची हायेत?"

डॉक्टर हसले आणि म्हणाले की आमच्या घरात कुणी कुणाला टोचत नाही.

"मंडळींना इचारून बघा," ती म्हणाली, आणि पुन्हा पिल्लांकडं वळली.

डॉक्टरांच्या शास्त्रात चूक नव्हती, हे मी आज सांगू शकतो. पण तिच्याकडं मर कमी होती हेही खरं. महिन्याला दोनचार पिल्लं जायची, त्याहून जास्त नाही. नवी पिल्लं आली की पहिल्यांदा सगळी जुनी पिल्लं पाट्यांखाली झाकून बाहेर ठेवायची. तूस उपसून नवं पसरायची. दाण्याची आणि पाण्याची भांडी जागा बदलून मांडायची. मग नवी पिल्लं आत सोडून त्यांना गुळपाणी दाखवायची, तेही दहाबारांनाच. चोच बुडवून घ्यायची, बाकीची त्यांचं बघून प्यायची. ती पोटभर पिऊन उबेला बसली की मग जुनी आत. जुन्यांना घर ओळखू यायचं नाही. "मालकी ठेवायची न्हाई कुणाची, म्हंजी भांडान न्हाई," असं ती म्हणायची. बल्ब कड्याच्या एकाच टोकाला टांगलेले होते. मला वाटायचं वायर आखूड पडली असेल. मधोमध आंब्याची लाकडी पेटी पालथी घातलेली असायची, पट्ट्यापट्ट्यांची. मला वाटायचं तिच्यावर पाय ठेवून ती बल्ब बदलते.

सणसवाडीतली नोकरी मी भांडून सोडली. सुपरवायझरनं मला लाइनवर सगळ्यांदेखत बोल लावला. चूक माझी नव्हती. मी हातातला पाना खाली टाकला आणि त्याला सांगितलं की या गेटात पुन्हा पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही. लाइनवरची पोरं टाळ्या वाजवत होती. टाळ्या ऐकत बाहेर पडलो आणि गेटबाहेर चहा पिताना लक्षात आलं की आता पिल्लांचा धंदा चाललाच पाहिजे. तो बसला तर त्याच गेटात, त्याच माणसापुढं उभं राहावं लागणार होतं. मला नुकसानीची भीती नव्हती. त्या माणसाचा चेहरा पुन्हा बघायची होती.

घराशेजारी शेड उभी केली. आक्काची पद्धत मला पसंत होती, कारण एकाच ब्रूडरमध्ये तीन लॉट बसले तर बल्ब कमी, जागा कमी आणि आठवड्याला माल तयार. पद्धत विचारायला मी तिच्याकडं गेलो. ती डब्यावर बसली होती, पाठ माझ्याकडं. मी विचारलं की दोन लॉटमध्ये किती दिवसांचं अंतर चालतं.

"दिवसाचं काय घिऊन बसलास. बस हितं घटकाभर. बघ."

"बसायला टाइम न्हाई आक्का. आकडा सांगा."

"तीन."

हॅचरीवाला मला आठ दिवसांनी गाडी द्यायला तयार होता. तीन दिवस मला परवडत नव्हते. मी म्हणालो, "आठ धरा."

"न्हाई जमत."

"मग सात."

ती काहीच बोलली नाही. मी आयुष्यात एवढं शिकलो होतो की समोरचा गप्प बसला की तो ढिला पडत असतो. म्हणालो, "तुमचं तीन, माझं आठ. मधलं सहा करा आन् मिटवून टाका."

तिनं पहिल्यांदाच वळून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "मिटवायचंय व्हय?" म्हणाली. "बरं. सहा."

मी हॅचरीवाल्याशी भांडून आठाचे सहा दिवस करून घेतले. पहिली तीनशे पिल्लं आली. सहाव्या दिवशी दुसरी तीनशे आली, तीही त्याच कड्यात सोडली. पंधरावीस मेली, पण एवढी मर धरलेलीच असते. बाराव्या दिवशी तिसरी तीनशे आली. मी हिशेब केला की दुसऱ्या आणि तिसऱ्या लॉटमध्ये सहा दिवस, पहिल्या आणि दुसऱ्यात सहा दिवस. म्हणजे कुठंही ठरल्यापेक्षा जास्त अंतर नाही. पहिल्या आणि तिसऱ्यात बारा दिवस होतात हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण पहिला आणि तिसरा यांच्याबद्दल काही बोलणंच झालेलं नव्हतं.

बल्बचा प्रश्न आला. मोठ्यांना बल्ब वर पाहिजे, लहानांना खाली. मी मधली उंची धरली. सगळ्यांचं थोडं थोडं भागेल असा विचार केला. आयुष्यभर मी सगळे सौदे मध्यावर तोडत आलो होतो आणि त्यात कधी खोट आली नव्हती.

मोठ्यांना त्या उंचीवर उकडायला लागलं. ती बल्बखालून सरकून कडेला गेली. कडेला दाणा आणि पाणी होतं. तिथं त्यांनी ठाण मांडलं. लहान पिल्लांना ऊब पुरत नव्हती, म्हणून ती बल्बखाली एकमेकांवर चढून बसली. पाण्याला उठली की मोठी टोचायची, मग परत ढिगात. ढिगातली खालची गुदमरायची. मी ढीग मोडत होतो, पिल्लं पुन्हा ढीग करत होती. बल्ब खाली केला तर मोठी तोंडं उघडून धापा टाकायची, वर केला तर लहान ओरडायची. तीन दिवस मी त्या दोरीशी झटत होतो. वेगळं कडं करायला पत्रा नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोन दिवस मला वाटत होतं की ही आपसात मिटवून घेतील. तिसऱ्या लॉटमधली दोनशेच्या वर पिल्लं गेली. दुसऱ्यातलीही कितीतरी टोचून टोचून बोडकी झाली.

चौथ्या दिवशी दुपारी मेलेली पिल्लं पोत्यात घालून मी आक्काच्या शेडवर गेलो. दारातच ओरडायला सुरुवात केली. ती आतून म्हणाली की बूट घाल आणि आत ये. मी म्हणालो माझं सगळं गेलं आणि तुम्ही बूट कसले सांगता. ती म्हणाली, तुझी गेलीत, हितली न्हाईत गेली. ते खरं होतं. मी बूट घातले. त्या बुटांत उभं राहून माणसाला धड भांडताही येत नाही.

तिनं पोतं बाहेर उन्हात ओतलं. एकेक पिल्लू तळहातावर घेऊन वजन बघितलं, पोटाजवळ दाबलं, पायाचे पंजे बघितले. चाळीसेक तरी बघितली असतील. मग म्हणाली, "ही रोगानं न्हाई मेली. उपाशी मेलीत. पाणी दिसत हुतं ह्यांना, जाता येत नव्हतं."

"तुम्हीच सहा म्हणाला होता."

"म्या तीन म्हणलं. सहा तू म्हणलास."

"मग बरं कशाला म्हणालात?"

"तू भाव करत हुतास," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, ना वर ना खाली. "इतकी वरसं पिल्लांचा भाव करणारी माणसं बघितली. पिल्लाच्या वयाचा भाव करणारा तू पयला. म्हणलं, ह्याला आकडा पायजेल, तर आकडा देऊ."

मी विचारलं की तुम्ही कोणत्या आकड्यानं चालता. ती मला आत घेऊन गेली आणि ती आंब्याची पेटी दाखवली. पट्ट्यांमध्ये दोन बोटांची फट होती. लहान पिल्लं फटीतून आत जात होती, आत त्यांचा वेगळा दाणा आणि पाणी होतं. मोठं पिल्लू मागं लागलं की फटीशी अडायचं. ज्याचं अंग फटीत अडकायला लागलं, ते त्याच दिवशी उचलून शेजारच्या खोपट्यात. कुणी तीन दिवसांत अडकायचं, कुणी पाच. दिवस ती मोजतच नव्हती. बल्ब एका टोकाला होते तेही वायर आखूड म्हणून नाही; ज्याला जेवढी ऊब हवी, ते तेवढं जवळ किंवा लांब बसत होतं. तीन हा आकडा तिनं मला नुसता तोंड बंद करायला दिला होता, आणि सहा त्याहून लवकर बंद व्हावं म्हणून.

हे ती तेव्हाच दाखवू शकली असती. घटकाभर बस म्हणाली होती, एवढंच. पण समोर माणूस शेड बांधून, नोकरी सोडून उभा असताना त्याला पेटीकडं बोट दाखवायला किती वेळ लागतो? ही माझी तक्रार आहे आणि ती मी अजून सोडलेली नाही.

उरलेली लहान पिल्लं घेऊन ये, असं ती म्हणाली. मी ऐंशी पिल्लं नेऊन दिली. तीन आठवड्यांनी तिनं चौऱ्याहत्तर परत दिली, पिसं आलेली. किती द्यायचे म्हणून विचारलं तर पाठ फिरवली. पण पहिल्या दोन लॉटांतली उरलेली पिल्लं मिळेल त्या भावात विकून पैसे उधारीत गेले होते, आणि चौऱ्याहत्तर पिल्लांवर धंदा उभा राहत नाही. महिन्याभरात मी सणसवाडीच्या त्या गेटात उभा होतो. सुपरवायझर एक शब्दही वाकडा बोलला नाही. हेल्मेट दिलं आणि म्हणाला, जा लाइनवर. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांनी मान खाली घातली होती. मला त्यांनी हसायला हवं होतं. अकरा महिने त्याच लाइनवर काढले. त्या अकरा महिन्यांत शनिवारी मी लोणंदच्या भाकडकथा ऐकवणाऱ्या एका सोबत्याबरोबर एसटीनं घरी जायचो, दुसऱ्या रस्त्यानं, म्हणजे आक्काची शेड लागायची नाही.

पुढं पैसा जमवून मी पुन्हा सुरुवात केली. आज माझ्या तीन शेड आहेत. एका शेडमध्ये एकच वय. सगळी पिल्लं एकदम आत, सगळी एकदम बाहेर, मग धुलाई, चुना, पंधरा दिवस शेड मोकळी. कुणी वयं मिसळायची गोष्ट काढली की मी त्याला चहा पाजून वाटेला लावतो.

मध्यंतरी आक्काचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिला. गुडघे गेलेत, मुलीकडं राहायला चाललेय, दोनअडीचशे पिल्लं हायेत चार वयांची, घेऊन जा म्हणाली. चौफुल्याचा एक व्यापारी मला ओळखीचा होता. त्यानं आदल्याच दिवशी तिला चांगला भाव सांगितल्याचं मला माहीत होतं. मी मुद्दाम त्याच्या निम्मा भाव मनात धरून गेलो. अकरा महिन्यांचं काहीतरी वसूल व्हायला पाहिजे होतं.

ती डब्यावर बसली होती. मी आकडा सांगितला.

"बरं," ती म्हणाली.

मी घाबरलो. शेडमध्ये शिरून एकेक पिल्लू तपासलं. डोळे, नाक, विष्ठा, पंख. दुपार गेली. एकाही पिल्लात खोट सापडली नाही, आणि ती जागची उठलीही नाही. शेवटी मीच म्हणालो की आक्का, भाव कमी होतोय, चौफुलेकर देतो तेवढं तरी घ्या. ती नाही म्हणाली. मी थोडं खाली आलो. ती नाहीच म्हणाली. उलटा सौदा मी जन्मात केला नव्हता आणि तो मला जमेना. मी चिडून विचारलं की मग त्याला का नाही दिलीत.

"त्याचं कवा पिल्लू मेलं न्हाई," ती म्हणाली. "इकत घेतो, इकून टाकतो. तुझी तर दोनशे मेलीत. तू रातच्याला दोनदा उठून बघशील."

माझं नुकसान हीच तिनं माझी लायकी ठरवून टाकली होती, आणि ती मला कुणी विचारून दिलेली नव्हती. पिल्लं पाट्यांत भरली, पाट्या टेम्पोत चढवल्या. न्हावऱ्याच्या पुढं गेल्यावर टेम्पो थांबवून मागची ताडपत्री उघडून बघितली. सगळी ठीक होती. निम्म्या भावात निरोगी माल घेऊन मी फसल्यासारखा घरी चाललो होतो. केडगाव येईपर्यंत आणखी दोनदा थांबलो.